रिकामं म्हणण्याआधी

टॅनर्स फोर्क, पेनसिल्व्हेनिया
७ सप्टेंबर

डेलमर यास,

आशीर्वाद शेवटी लिहीन, तोवर राग उतरला तर. आधी काम.

बाबांच्या पॉइंट बावीसच्या पिस्तुलाला मी नवा चाप बसवतेय. घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझी मी. दुकानात देणार नाही. त्या दुकानातला पोरगा मला 'मॅम' म्हणतो आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलतो. नवा चाप डाकेनं मागवलाय. लाल आहे, जरा भडकच, पण म्हणतात की फार हलका चालतो. जुना हल्ली जड झालाय. स्प्रिंग म्हातारी झाली की कडक होते का रे? तू यातला जाणकार म्हणून विचारतेय. हे कौतुक नाही, चौकशी आहे.

घाई अशासाठी की ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी नेमबाजी क्लबचा सांघिक सामना आहे. संघात चौघं: गॉर्डी, लुएला, गॉर्डीचा जावई आणि मी. जावयाला तुझी जागा दिली, बरा आहे, फक्त गोळी झाडताना डोळे मिटतो. मी नाही म्हटलं तर गॉर्डी त्या पलीकडच्या गावच्या बाईला घेणार, जी नेम धरताना च्युइंगम चघळते. बाबांनी उभारलेल्या रेंजवर, बाबांच्या जागेवर, च्युइंगम! मी जिवंत असताना ते होणार नाही.

तर प्रश्न असा: चाप काढला की आतली ती बारकी स्प्रिंग परत बसवताना आखूड पाय पुढे की मागे? बोलायचं नसेल तर बोलू नकोस. पाच वर्षं बोलला नाहीस, अजून एका पत्रापुरतं गप्प राहिलास तर मी मरत नाही. नुसतं चित्र काढून पाठव.

आणि गैरसमज नको. क्लबच्या जेवणात, हॅम लोफच्या ताटासमोर, सगळ्यांदेखत तू म्हणालास, "ऑर्फी, तुझे हात गेले. पिस्तूल ठेव आता." त्यावर मी बोलले ते बोलले, आणि तुझ्या शर्टावर कोबीचं कोलस्लॉ पडलं ते पडलं. त्यातलं काहीही मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाहीये. तू त्याच आठवड्यात ट्रक भरून नेवाडाला चालता झालास, खाणीतली यंत्रं दुरुस्त करायला. तिकडे यंत्रं आहेत, इथे काय, नुसती बहीण.

अक्षर वाकडंतिकडं दिसेल. टेबल डुगडुगतंय.

तुझी मोठी बहीण, अजून तरी,
ऑर्फा

*

२० सप्टेंबर

डेलमर,

पाकीट मिळालं. आत चित्र होतं, रेषा जरा थरथरीत, पण कळलं: आखूड पाय पुढे. त्याबरोबर कागदात गुंडाळलेल्या दोन जादा स्प्रिंगा. शब्द एकही नाही.

मी तुला कळवलंही नव्हतं की माझी स्प्रिंग उडाली. पत्र टाकलं त्याच दुपारी उडाली. पिन सरकवली, जरा वाकून बघितलं आणि टिंग! पुढे तिचं काय झालं ते त्या परमेश्वराला ठाऊक. चूल हलवली, फ्रीज हलवला, बटाट्याच्या सालींची बादली उपसली. आणि तू आधीच दोन पाठवून मोकळा. तुझीही अशीच उडाली होती ना, आईच्या भोपळ्याच्या पाईच्या पिठात? थँक्सगिव्हिंगला दाताखाली आली आणि बाबा म्हणाले, "अगं, भोपळा कडक राहिला." मी एवढी हसले की लुएलाचा फोन आला तेव्हा तिला वाटलं मी रडतेय.

या खेपेला शहाणी झाले. पारदर्शक पिशवीत हात घालून काम केलं, म्हणजे उडाली तरी पिशवीत. पिना बाबांच्या पितळी दांडीनंच सरकवल्या, जुन्या टॉवेलवर, म्हणजे ओरखडा नको. जुना चाप बाहेर आला तेव्हा त्याच्या पोटात बाबांच्या वेळचं तेल, काळं, घट्ट, काकवीसारखं. पुसायला जीव होईना, पण पुसलं. नवा बसला. पुढची पिन चटकन गेली, मागची काही केल्या जाईना. मग आठवलं, बाबा दांडी तोंडात धरून नळी छताकडे करायचे आणि शिव्या द्यायचे. मी नळी छताकडे केली, शिव्या दिल्या. गेली.

तळघरात तुझी बरणी तशीच आहे, भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात त्या पिवळ्या प्लास्टिकच्या गिट्ट्यांची. त्यातली एक गोळीच्या जागी घालून चाप ओढून पाहिला. बावीसचं पिस्तूल रिकामं खटखट करायचं नाही, गोळी फोडणाऱ्या पिनेची टोच नळीच्या कडेला बसते, हे तू मला शिकवलंस आणि मी ते सगळ्यांना बाबांनी शिकवलं म्हणून सांगते. असो. चाप काय चालतो म्हणून सांगू! लोण्यातून सुरी. मग गिट्टी निघावी म्हणून झडप ओढली, ती टेबलाखाली पडलेली सापडली, बरणीत टाकली, पिस्तूल मिटून ठेवलं.

आता तुझ्या पाकिटातली आणखी एक वस्तू.

लाकडाची पाचर. स्वतः तासलेली, घासून गुळगुळीत, एका बाजूला पेन्सिलनं बाण, की ही बाजू आत. माझ्या डुगडुगत्या टेबलासाठी. तुझ्या हातचं लाकूडकाम बघून मला काय वाटलं ते लिहीत नाही. मी ती टेबलाच्या पायाखाली घातली. आणि डेलमर, टेबल डुगडुगायला लागलं. खरंखुरं. कारण आधी ते मुळीच डुगडुगत नव्हतं.

बरं. टेबल नाही. हात.

सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी आता मी दारात अडकवून उघडते. कोटाची बटणं लुएला लावते, चर्चच्या पायरीवर, गप्पा मारत मारत, म्हणजे कुणाला कळू नये. जुना चाप मी दोन बोटांनी ओढायचे. स्प्रिंगला काही झालेलं नाही. झालंय ते मला. हे मी तुझ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही, आणि तू बरोबर होतास असंही सांगत नाहीये. हात गेले म्हणून पिस्तूल ठेवायचं नसतं. चाप बदलायचा असतो.

पाचर तशीच आहे. कॉफी सांडते.

ऑर्फा

*

३ ऑक्टोबर

डेलमर,

पिस्तूल टेबलावर आहे, टॉवेलखाली. तयार आहे पण तयार नाही. का ते तुला कळलं असेल.

बाबांचा नियम तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण वाळवंटात माणूस विसरतो. घरात पिस्तूल खोललं, मिटलं, की दुसऱ्याच्या हातात द्यायचं. दुसऱ्यानं आत बघायचं, करंगळीचं टोक नळीच्या मागच्या भोकावर टेकवायचं, खड्डा लागला की म्हणायचं, "रिकामं." मग आपण परत घेऊन तेच करायचं आणि तेच म्हणायचं. तोवर ते पिस्तूल भरलेलंच समजायचं, देव जरी खाली उतरून नाही म्हणाला तरी. आणि न बघता तो शब्द कुणी उच्चारायचा नाही. तू एकदा सिनेमाची घाई म्हणून उच्चारला होतास, तर बाबांनी पूर्ण हिवाळा तुला पिस्तुलाला हात लावू दिला नाही.

आईबाबांचं वाजलं की घरात तेवढा एकच शब्द चालायचा, आठवतं? आठवडा आठवडा अबोला, पण शनिवारी टेबलावर बाबा पिस्तूल सरकवायचे आणि आई बघून म्हणायची, "रिकामं." एकदा ते म्हणताना तिनं बाबांच्या डोक्याकडे बघितलं आणि दोघं हसत सुटले.

मी बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं. दिव्याखाली धरून बघितलं, करंगळी लावली. रिकामंच आहे. पण मी एकटी आहे आणि माझे दोनच डोळे आहेत.

काल गॉर्डी आला होता, सरावाला का येत नाहीस म्हणून विचारायला. मी त्याला नियम सांगितला. तो म्हणाला, "अगं एवढंच ना? आण इकडे, मी बघतो. माझे डोळे काय भाड्याचे आहेत?"

"तुझे डोळे चांगले आहेत, गॉर्डी. पण तू घरचा नाहीस."

"पस्तीस वर्षं तुझ्या हातची कॉफी पितोय मी."

"तरी साखर कुठे असते ते तुला माहीत नाही."

"ऑर्फा, सामना तोंडावर आलाय. हट्ट सोड. डेलमर काही यायचा नाही."

"मी कुठे म्हटलं तो यावा म्हणून?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, टोपी घातली आणि दारात जाऊन म्हणाला, "पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो. मग मला च्युइंगमवालीला फोन करावा लागेल. वाईट वाटून घेऊ नकोस."

मला वाईट वाटलं. गॉर्डीचं नाही. या घरात तो शब्द म्हणायला माझ्याखेरीज कुणी उरलं नाही, त्याचं. बाबा गेले, आई गेली, आणि तू जिवंत असून गेलास, म्हणून जास्त लागतं.

मी तुला बोलावत नाहीये. नुसतं कळवतेय.

ऑर्फा

*

१३ ऑक्टोबर

डेलमर प्रुइट!

तुझं कार्ड आलं. एका बाजूला तिकडच्या रेनो शहराची रोषणाई, दुसऱ्या बाजूला एकच शब्द.

"रिकामं."

न बघता! साडेतीन हजार किलोमीटरवरून! कार्डावर! बाबा असते तर त्याच कार्डानं तुला बडवलं असतं आणि मी तुला धरून उभी राहिले असते. पाच वर्षांत तुझ्याकडून एक शब्द यावा म्हणून मी टपालपेटीत डोकं घालून बसले, आणि आला तो नेमका हा. जो एकच शब्द तू तिथे बसून म्हणायला नको होतास, तोच. काय वाटलं तुला, मी तेवढ्यावर पिस्तूल भरून सामन्याला जाईन? मी कुणाची मुलगी आहे ते विसरलास?

लुएलाच्या नातीनं सुचवलं की फोनवर एकमेकांना बघून बोलता येतं, त्याला फोनवरच दाखव. मी तिला विचारलं, करंगळी कुठून घालायची, फोनच्या कुठल्या भोकातून?

कार्ड फ्रीजवर लावलंय. शब्द आतल्या बाजूला, रोषणाई बाहेर. म्हणजे रागानं तसं लावलं होतं. आज सकाळी दूध काढताना उलटून पाहिलं.

मग कार्ड खिडकीशी उजेडात नेलं. दूध ओट्यावर, फ्रीजचं दार उघडं.

एक शब्द लिहायला तुला कार्डाची अर्धी बाजू लागलीय. पहिलं अक्षर वर चढलंय, शेवटचं खाली घसरलंय, मधे पेन दोनदा कागदातून आरपार गेलंय. आधीच्या चित्रातल्या रेषाही अशाच होत्या. मी म्हटलं, ट्रकमध्ये बसून काढलं असेल. आणि ती पाचर, ती तासायला तुला किती दिवस लागले असतील, याचा मी विचारच केला नव्हता.

आजोबांचे हात गेले, बाबांचे गेले, माझे गेले. तुझे राहतील असं मला का वाटलं कुणास ठाऊक. तू त्या दिवशी हॅम लोफसमोर माझ्या हातांबद्दल बोलत होतास, तेव्हा तुझे हात टेबलाखाली होते. मला आत्ता आठवतंय.

तुझ्याकडचंही टेबल डुगडुगतंय का रे?

गॉर्डीला मी सांगितलंय, अजून थोडं थांब. त्यानं कारण विचारलं नाही.

ऑर्फा

*

रविवार, सामन्यानंतरचा दिवस

डेलू,

तू आत्ता गॉर्डीकडे त्याचा बर्फ ढकलायचा ट्रॅक्टर बघायला गेलायस. हे पत्र तुझ्या ट्रकमध्ये, वरच्या ऊन अडवायच्या झडपेमागे खोचतेय. मंगळवारी निघालास की ओहायो ओलांडून गेल्यावरच वाच. आधी वाचलंस तर वळून परत येशील आणि मला जेवण वाढवावं लागेल.

तोंडावर बोलायला मला जमत नाही. तुलाही जमत नाही. आपण दोघं तीन दिवस ट्रॅक्टर, हवामान आणि लुएलाच्या मांजरीबद्दल बोललो. म्हणून लिहितेय.

सामन्याचं तुला माहीतच आहे, तू मागच्या बाकावर काडी चघळत बसला होतास. पंचानं माझ्या चापाला वजन लटकवलं तेव्हा मी मनातल्या मनात बाबांच्या शिव्या देत होते. चाप जास्त हलका निघाला असता तर पिस्तूल तिथेच बाद. पण वजन उचललं गेलं आणि चाप सुटला नाही. तू तेव्हा छताकडे बघत होतास, पण सारखा हलणारा पाय थांबला होता तुझा. आपण तिसरे आलो. गॉर्डीच्या जावयानं डोळे उघडे ठेवले असते तर दुसरे आलो असतो. माझ्या शेवटच्या गोळ्या कशा लागल्या त्याबद्दल मी काही बोलत नाही. निशाणाचा कागद फ्रीजवर लावलाय, तुझ्या कार्डाशेजारी. कार्डाचा शब्द आता बाहेरच्या बाजूला आहे.

पण मला लिहायचंय ते शुक्रवारचं.

मी सॉसेज परतत होते. ट्रकचा आवाज आला, तो मी ओळखला नाही असं म्हणणार नाही. तू आत आलास, हॅलो नाही, काही नाही. पिशवी दाराशी ठेवलीस, टोपी खुंटीवर, बाबांच्या खुंटीवर, आणि सिंकवर जाऊन हात धुतलेस. मी मागे वळलेही नाही. वळले असते तर सॉसेज करपलं असतं आणि बाकी काय काय झालं असतं.

"कुठेय?" तू म्हणालास.

"टॉवेलखाली."

"टेबल डुगडुगतंय."

"तुझ्याच पाचरेनं. गाढवा."

तू खुर्ची ओढलीस. तुझे हात मी तेव्हा पाहिले. तू लपवले नाहीस, म्हणून मीही माझे लपवले नाहीत. चार हातांनी मिळून आपण ते एवढंसं पिस्तूल उघडलं. कुणी बाहेरून बघितलं असतं तर म्हटलं असतं, या दोघांच्या हाती कुणी दिलं हे? मी आपली बडबडत होते. "मी बघितलंय रे. कितीदा बघितलं. दिव्याखाली बघितलं. तू फक्त म्हण आणि जेवायला बस, गार होतंय." नियम मीच लावून धरलेला, आणि घाईही मलाच.

तू पिस्तूल दिव्याखाली ओढलंस. आत बघितलंस. खिशातून टॉर्च काढून पुन्हा बघितलंस. करंगळी लावलीस, थांबलास, बोट कपड्याला पुसून परत लावलंस. मग म्हणालास, "मला बोटाला काही कळत नाही, ऑर्फी. तुला कळतं?"

मला कळत नव्हतं. कित्येक महिने कळत नाहीये. मी करंगळी लावत होते ती सवयीनं, आणि रिकामं म्हणत होते तेही सवयीनं.

तू तोंडातली दात कोरायची काडी काढलीस. आयुष्यभर मी त्या काडीवरून तुला बोलत आले. ती तू नळीच्या भोकात घातलीस, हलकेच, जरा दाबलीस आणि परत ओढलीस. काडीच्या टोकावर अडकून ती पिवळी गिट्टी बाहेर आली.

मी खुर्चीत बसले. टेबलाखाली सापडली ती दुसरीच होती, बरणीतून सांडलेली. ही आतच राहिली होती, जुनी, कडेनं झिजलेली, म्हणून झडप उघडली तरी बाहेर ओढली गेली नाही. तीन आठवडे तुला पत्रातून सांगत होते, मी बघितलंय, रिकामंच आहे. दिव्याचा उजेड पिवळा, गिट्टीही पिवळी. प्लास्टिकची होती म्हणून ठीक. पण गिट्टी राहू शकते तर गोळीही राहू शकते.

तू मला रागावशील असं वाटलं. तो तुझा हक्कच होता, आणि मी काय उत्तर द्यायचं तेही मनात जुळवत होते. तू रागावला नाहीस. गिट्टी काडीसकट बशीत ठेवलीस, सॉसेजच्या शेजारी, आणि माझ्या मनगटावर तुझा तो थरथरता हात ठेवलास. दोन्ही मिळून आणखीच थरथरले.

"रिकामं नाही, ऑर्फी," तू म्हणालास.

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. दाराशी तुझी पिशवी, खुंटीवर तुझी टोपी, सिंकमध्ये तू सांडलेलं पाणी.

"नाही," मी म्हटलं. "आता नाही."

मग तू पुन्हा बघितलंस, काडी घालून बघितलंस, आणि रीतसर म्हणालास. मीही म्हणाले. पण माझ्या कानात राहिलं ते आधीचं.

पहिल्या पत्रात आशीर्वाद राखून ठेवला होता. तो आता घे, सगळा घे. दात कोरायच्या काड्यांची एक पेटी ट्रकच्या खणात ठेवलीय, बर्चच्या लाकडाच्या. आणि पाचर मी काढत नाहीये. कॉफी सांडली तर सांडू दे.

तुझी
ऑर्फी